पांढरी पाचच्या जरा वर

गुदैबियातल्या एका हॉटेलचं तळघर.
भिंतीआड सत्याहत्तर सालचा कॉम्प्रेसर
आणि त्याच्या नाडीवर माझा हात, एकोणीस वर्षं.
मी वाजवत नाही काही.
मी थंड करतो.

वडील इचलकरंजीत जॉबर होते,
चोवीस मागांतला कुठला आजारी आहे
ते झोपेतून सांगायचे, कूस न बदलता.
तो कान मला आला. वाटणीत दुसरं नव्हतंच काही.
म्हणून पहिल्याच गुरुवारी कळलं,
यंत्र घुमतंय पांढरी पाचमध्ये.
नाही, जरा वर,
काळी चारच्या अलीकडे कुठंतरी,
जिथं आमच्या भजनी मंडळाच्या पेटीला पट्टीच नाही.

आणि मर्विन कुटिन्हो, ओठ पुसत,
ट्रम्पेट त्याच फटीत बसवत होते.
पियानोही तिथंच चढवून ठेवलेला, कुणी, कधी, कोण जाणे.

हार्ड बॉप म्हणजे काय, मी एकदा विचारलं.
म्हणाले, भांडण. पण घरातलं.
एक बोलला की दुसऱ्यानं गप्प बसायचं नाही
आणि दार आपटून जायचं नाही कुणी.

त्यांच्या आधी इथं सेराफिन वाजवायचे,
त्याआधी बसऱ्याचा एक आर्मेनियन,
ज्याचं नाव फक्त उधारीच्या वहीत उरलंय.
ड्रमवाले मात्र कायम मुहर्रकचे.
घानिमचा आजा मोत्यांच्या गलबतावर नहाम होता,
तो गायचा आणि साठ माणसं टाळ्या वाजवत बुडी विसरायची.
घानिम विमानतळावर आग विझवतो.
गुरुवारी झांजेवर काठी टेकवतो
आणि मला माग ऐकू येतो,
धोटा जातोय, येतोय,
सूत तुटत नाही.

बद्रिया बँकेत खोट्या सह्या पकडते.
पियानोवर तिला एकही खोटी सही खपत नाही,
जुनी गत जुनीसारखी वाजवली की थांबवते :
हे त्यांचं झालं, आपलं कुठंय?
मर्विन हसतात. एकोणऐंशीचे आहेत. हसून खोकतात.

जुलैच्या शेवटी मालकानं नवं यंत्र आणलं.
मीच बसवलं. इन्व्हर्टर. मांजरासारखं गप्प.
जुनं पिकअपमधून सित्राला गेलं, भंगारात,
दोरीनं बांधताना त्याच्या पाठीवर उगाच थाप मारली मी.

गुरुवार. घानिमनं चार मोजले.
सुरुवातीची धून निम्म्यावर आली
आणि मर्विननी ट्रम्पेट खाली घेतलं.
"कोण गेलं?"
बद्रियानं घानिमकडे पाहिलं, घानिमनं बेसवाल्या एर्विनकडे.
सगळे तर होते.
"कोणीतरी गेलंय," ते म्हणाले, "इथला खालचा आवाज कुठाय?"
मी मागं उभा, हातात पाना,
चोरासारखा.

मध्यंतरात घानिम सिगरेटला बाहेर पडला
आणि मागचं दार उघडंच राहिलं.
गल्लीत खांबावरचा ट्रान्सफॉर्मर.
गुणगुणत होता, केव्हापासून कोण जाणे,
पांढरी पाचच्या जरा वर.
वीज तीच ना.
शेजारच्या लाँड्रीचा फ्रीज, शवर्मावाल्याची ट्यूबलाईट,
समोरचा फलक, ज्यातलं एक अक्षर मेलंय,
सगळं बेट एका पट्टीत.

मर्विन खुर्ची ओढत दाराशी आले.
डोळे मिटले. घाम कानामागून गळ्यात.
मग ट्रम्पेट, अर्ध्या श्वासाचं,
आणि बद्रियानं त्यावर उलट उत्तर दिलं, इतकं उर्मट
की म्हातारा उभाच राहिला.

ऑगस्टची हवा आत येत होती, ओल्या घोंगडीसारखी.
माझं नवं यंत्र सगळी गल्ली थंड करायला निघालं,
मालक वरून ओरडला, दार कुणी उघडं टाकलंय,
वाऱ्यानं ते मिटायला लागलं
तेव्हा मी पेटी लावली दाराला.
हत्यारांची.