विस्तव

हॅनकॉकच्या चढावर, जिथे फेब्रुवारीत बर्फ
खिडकीच्या काचेला पोट टेकून बसतो,
कोस्केला बहिणींचं घर.
थोरली आयली खाली, धाकटी व्हिएनो वर,
मधे जिना.
वडिलांची तळ्याकाठची जागा विकली, तेव्हापासून
दोघींत विस्तव जात नाही. अकरा वर्षं.
आणि मला बोलावलंय ते विस्तव न्यायलाच:
बॉयलर एक, झोन वेगळे.

"माझं सहासष्ट," आयली म्हणाली,
"माणसाने घरात स्वेटर घालावा."
"माझं बहात्तर," वरून आवाज आला,
"आणि तिला सांग, मी मेंढी नाही."
आयली माझ्यासमोरच उभी होती.
मी काही सांगितलं नाही.

तळघरात पालथ्या बादलीवर बसून
तीन व्हॉल्व्ह मांडीवर घेतले.

पहिला स्वस्त, स्प्रिंगचा.
काम झालं की खटकन मिटतो,
आणि धावतं पाणी अडलं
की पाइप भिंतीत डोकं आपटतो.
या घरात आपटायला दारं पुरेशी आहेत.
मध्यरात्री वरचा झोन मिटायचा,
ठोका पडायचा आयलीच्या उशाशी,
आणि तिला वाटायचं, मुद्दाम केलं.

दुसऱ्याच्या पोटात मेण.
तापतं, फुगतं, दांडा रेटतं,
उघडायला दोन-तीन मिनिटं, मिटायलाही तेवढीच.
कानाला पत्ता लागत नाही.
पण वीज अशी पितो
की चाळीसच्या ट्रान्सफॉर्मरवर दोघे बसले
तर तिसरा उभाच राहतो.

तिसरा मोटरचा. आत छोटा गोळा,
सावकाश फिरतो, सावकाश वाट अडवतो,
वीज चिमणीएवढी टिपतो.
किंमत ऐकून मात्र वर आणि खाली
एकाच वेळी शांतता झाली.

माझा मामा उर्हो म्हणायचा,
व्हॉल्व्ह पाइप बघून घेऊ नकोस,
घरातली माणसं बघून घे.
मामाची तीन लग्नं मोडली.
त्याने जोडलेला पाइप एकही वाजला नाही.

मी तिसरा घेतला. चार नग.
खालचा, वरचा, न्हाणीघराचा,
आणि चौथा?
"जिना मी वापरत नाही," आयली.
"जिन्याचे पैसे मी देणार नाही," व्हिएनो.
जिना उत्तरेच्या भिंतीला लागून आहे,
त्याच्या पोटातून दोघींचं पाणी जातं.
गोठला तर दोघी गोठतील.
हे मात्र मी मोठ्याने सांगितलं.
ठरलं: पन्नास. पाइप जगेल एवढंच.

एक गोष्ट सांगितली नाही, कोणी विचारलीही नाही:
व्हॉल्व्ह मी जाण्याच्या वाटेवर लावलेत.
परतीचा पाइप एकच.
सहासष्टचं पाणी आणि बहात्तरचं पाणी
तिथे मिसळतं, अर्धवट निवलेलं,
आणि बॉयलरला कळत नाही कोण कुणाचं.

फेब्रुवारीत हवा काढायला पुन्हा गेले.
तीन व्हॉल्व्हच्या खटक्यांवर धूळ,
चौथ्याचा घासून चकचकीत,
हाताने ओढून खाचेत अडकवलेला. उघडा.
पन्नास कसलं,
जिन्यात कोट काढावा लागला.
सातव्या पायरीवर लोकरीची उशी,
मधोमध दबलेली.

"खटका कोणी ओढला?"
आयली म्हणाली, घर जुनं आहे.
व्हिएनो म्हणाली, घर जुनं आहे, तिला सांग.

नियमाने तो सोडवायला हवा होता.
मी हत्यारं पुसली,
सारख्या रकमेचे दोन चेक घेतले,
एकावर शाई, एकावर पेन्सिल.
पेन्सिलचा बँक घेणार नाही,
हे सांगायला परत आत जाणार होते,
पण जिन्यात कोणीतरी बसत होतं.
ट्रक चौथ्या खेपेला सुरू झाला.