रॅम्प उचलायच्या आत

पणजीत, टाइल्सच्या दुकानावरच्या आमच्या ऑफिसात
पान एक पूर्णांक एक सेकंदात उघडायचं.
मी तो हिरवा आकडा लोटलीकरांना पाठवला,
त्यांनी अंगठा पाठवला,
आणि आम्ही जेवायला गेलो.

दिवाडीहून फोन आला:
तुमचं ते दवाखान्याचं पान उघडत नाही.
उघडतं की, मी म्हटलं. माझ्याकडे उघडतं.

एप्रिल. बेटावरच्या धक्क्याला काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
फेरी लागलेली, गाड्या उतरून गेलेल्या.
शेवंतीबायचा फोन माझ्या हातात,
मागचं झाकण रबराने बांधलेला.
तिला एवढंच हवं: पलीकडे आज दोतोर आहे का.
असेल तर जायचं.
नसेल तर दुखरा गुडघा घेऊन घरी.

मी स्टॉपवॉच लावलं.
एक. दोन. पांढरं.
चार. उद्घाटनाचा फोटो वरून खाली उतरू लागला,
आधी तोरण, मग कपाळं, मग समईचं टोक.
सात. समईची एकच वात.
अक्षरं नाहीत, कारण अक्षरांचं वळण आधी यायचं होतं,
चार जाडींमध्ये, हौसेनं मीच मागवलेलं.
नऊ. शेवटची स्कूटर चढली.
अकरा. आगुस्तीनची शिट्टी.
शेवंतीबाय चढली, तिच्यामागून मी,
साखळी खडखडली, रॅम्प उचलला,
आणि चौदाव्या सेकंदाला, पाण्यावर:
आज डॉक्टर उपलब्ध नाहीत.

"आतां आयलें," ती म्हणाली,
आणि फोन पदराला पुसून घेतला,
जणू चूक काचेची होती.

त्या रात्री मी माझं नेट मुद्दाम मंद केलं.
एवढं मंद की मलाच माझा राग यावा.
पट्ट्यांची उतरंड उलगडली तेव्हा दिसलं:
आमचं पान एकेका डॉक्टरसाठी वेगळं विचारायला जातं,
एक्केचाळीस खेपा.
मिठासाठी पोसऱ्यावर, परत घरी,
साखरेसाठी पुन्हा पोसऱ्यावर, परत घरी,
आणि चूल तोवर रिकामीच.
यादी करून एकदाच जा,
हे आमच्या घरात सातव्या वर्षी शिकवतात.
मी तिसाव्या वर्षी लिहिलं, चार ओळींत.

फोटोवर लोटलीकर अडून बसले.
फोटो असला की माणसं खूश होतात.
कोणती, मी विचारलं.
फोटोतली, ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.
मग फोटो नखाएवढा झाला, तळाशी गेला,
कोणी खाली आलंच तर उघडेल.

सरासरी छान आहे, ते म्हणाले.
सरासरी फेरीला थांबत नाही, मी म्हटलं,
शंभरातली पंच्याण्णवावी कोण, ते मोजू.

आठवड्यानं पुन्हा धक्का, पुन्हा तोच रबराचा फोन.
एक पूर्णांक नऊ.
मी मान वर केली, कोणीतरी पाहावं म्हणून,
तर रॅम्पजवळच्या खांबाला एक फळी टांगलेली,
वर खडूनं: दोतोर आसा.

कंपाउंडर सकाळी मला फोन करता,
आगुस्तीन म्हणाला, हांव बरयतां.
चाळीस पावलांवरून वाचता येत होती ती,
चष्म्याशिवाय, चार्जिंगशिवाय.
शेवंतीबायनं माझ्याकडे फोन मागितलाच नाही,
ती केव्हाच चढून बाकावर बसली होती.

मी परतीच्या फेरीत आणखी दोन गोष्टी काढून टाकल्या.
आता पानाच्या माथ्यावर फक्त ते दोन शब्द आहेत,
फळीवरच्याएवढेच, बाकी सगळं नंतर.

एक ठिपका तरीही उरतो.
दर मंगळवारी, सात वाजून काही मिनिटांनी,
कुठूनतरी एक फोन नऊ सेकंद वाट पाहतो
आणि मिटतो.
धक्क्यावरचा नाही तो, मी पाहून आले.
नार्व्याच्या बाजूचा असेल, किंवा डोंगराआडचा.
येत्या मंगळवारी पहाटेची फेरी पकडते आहे.