गाद्यांसकट

आमच्या घरी त्याला जाळणंच म्हणत.
'आज दोन जाळल्या,' बाबा सांगायचे,
आणि आई बर्फाचे बूट काढता काढता विचारायची,
'करपली का एखादी?'

एखादी करपायचीच.
नव्वद टक्क्यांवर येऊन कॉम्प्युटर खाकरायचा,
ट्रे बाहेर ढकलायचा,
त्यात एक चकचकीत, बिनकामाची चकती.
तिच्यावर बाबा कॉफीचा मग ठेवत.
आमच्याकडे बश्यांपेक्षा करपलेल्या डीव्हीडीच जास्त होत्या.

थंडर बे. तळघर. बॉयलरशेजारचं टेबल.
टेबलावर मळकट पांढरा डबा, एका बाजूनं कायम उघडा,
कारण झाकण लावलं की तापायचा.
आई इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीला,
तिच्या मालिका लागायच्या त्या वेळी
ती कुणा परक्याच्या चादरी पिळत असायची.
बाबा दिवसभर बंदरावरच्या धान्यकोठारात पट्टे दुरुस्त करत
आणि रात्री त्याच जाड बोटांनी
जाहिराती कापत.

किती निगुतीनं.
गाद्यांचा सेल सुरू होण्याआधीची ती काळी चौकट,
सेकंदाचा तिसावा तुकडा,
सापडेपर्यंत मागे, पुढे, पुन्हा एक घर मागे.
लहानपणी सरोवरातल्या माशाचे काटे काढून
आम्हाला घास द्यायचे, तेव्हा त्यांचा चेहरा असाच असायचा.
आवाज ओठांच्या मागे रेंगाळला
तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.
मग मार्करनं, शाळकरी अक्षरात:
हिल्का. भाग नऊ. आज खुनी कळतो.

(एकदा ओस्मोनं खाली खुन्याचं नावही लिहिलं.
आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.)

मार्चमध्ये वादळ आलं त्या रात्री
दिवे होते, फोन नव्हता.
बाबांनी रेकॉर्डिंग लावलं नेहमीसारखं
आणि वर येऊन खिडकीशी उभे राहिले.
आम्हाला वाटलं, बर्फ किती साचलंय ते बघतायत.

परवा घर आवरताना सगळा ढीग निघाला.
माझ्या लॅपटॉपला ट्रेच नाही,
ओस्मोच्या पोराकडून एक जुना ड्राइव्ह आणला.
निम्म्या चकत्या मुक्या. काही नुसत्या गरगरतात.
एक चालली. तिच्यावर भाग नाही, तारीख नाही,
फक्त हिल्का.

सहा तास कोंबलेत तिच्यात,
चित्र इतकं फुटलेलं की माणसांना नाकं नाहीत.
आधी तिची मालिका, मग मासेमारी,
मग सुऱ्या विकणारा एक घामेजलेला माणूस,
मग मालिकाच पुन्हा, मग पहाटेची प्रार्थना.
आणि मध्ये मध्ये गाद्या. गाद्या. गाद्या.
एकही जाहिरात कापलेली नाही.
खालून पट्टी सरकतेय सहा तास:
शाळा बंद. सतरा नंबरचा हमरस्ता बंद.
इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांनी आहेत तिथेच थांबावं.
खुनी पकडला जातो तेव्हाही तीच पट्टी,
त्याच्या बेड्यांवरून.

आई दोन रात्रींनी आली होती, बर्फाच्या गाडीत बसून.
बाबांनी तिला सूप दिलं
आणि म्हणाले, 'तुझे भाग राहिले नाहीत.'
एवढंच. ब्र नाही दुसरा.

मी खाली जाऊन त्यांना विचारलं,
ही एकच अशी कशी?
चष्मा कपाळावर, स्क्रू शोधत म्हणाले,
'सॉफ्टवेअर अडकलं होतं त्या दिवशी.'

आईला विचारलं. ती खोक्यावर टेप लावत होती.
'ती? एका बैठकीत पाहिली मी. सुऱ्या, प्रार्थना, सगळं.
त्या गाद्यांच्या दुकानाचा नंबर अजून पाठ आहे मला.'
आणि दातात टेप धरूनच
म्हणून दाखवला.