डब्ल्यू

छापखाना चारला बंद होतो.
आर्डिस ट्वाइट मृत्युलेख तपासतेय,
लाल पेन्सिल, कॉफी कधीचीच गार.

साउथ डकोटाचा एस मोठा, त्यात वाद नाही.
मिसूरीच्या पैलतीरावरचे ते वेस्ट रिव्हरवाले,
तेही कॅपिटल:
तिथली गुरं, तिथल्या हॅटा,
तिथलं घड्याळसुद्धा एक तास मागे.
पण वारा वेस्टकडून आला, लहान.
चुकलेली गाय वेस्टला गेली, लहान.
एकतीस वर्षं नियम तोंडपाठ:
नुसतं जाणं असेल तर लहान,
पोचायला मुलूख असेल तर मोठं.

(आपल्याकडे बरंय.
सगळी अक्षरं एकाच शिरोरेघेला लटकलेली,
थोरलं-धाकटं काही नाही.)

वर्लिन हॉफस्टाडच्या लेकीनं लिहून पाठवलंय:
"त्या संध्याकाळी बाबा वेस्टला निघाले."
आणि तो डब्ल्यू एवढा मोठा,
की ओळीतून बाहेर येतोय.

आर्डिसनं तो लहान केला.
मग खोडरबर शोधला.
वर्लिन तिकडचाच. चाळीस वर्षं इकडे मका पेरला,
बायको इकडेच पुरली,
पण "घरी" म्हणताना मान
नदीकडे वळायची.

पेन्सिल कागदावर टेकते, उचलते.
शेवटी ती फोन फिरवते:
"जॅनेल, माफ कर गं, एक विचारायचं राहिलं,
ट्रक पुलाच्या कुठल्या बाजूला सापडला?"

इथे पावणेचार.
जॅनेलच्या भिंतीवर अजून पावणेतीन.