माळ्यावरचे सात डबे

डुनेडिनच्या उतारावर, जिथे जुलैत
दुपारी तीनलाच ऊन टेकडीमागे जातं,
मी एक लाकडी घर घेतलं, म्हातारपणाची सोय म्हणून.
दक्षिणमुखी. इथे दक्षिण म्हणजे
थेट बर्फावरून येणारा वारा.
म्हणूनच स्वस्त.

भिंतीचा कागद खरवडला तर खाली दुसरा कागद,
त्याखाली तिसरा, फुलाफुलांचा,
त्याखाली गोणपाट,
गोणपाटामागे नुसतीच हवा.
जमीन अशी कललेली
की खिशातून पडलेला स्क्रू
घरंगळत न्हाणीघराच्या दाराशी जाऊन थांबायचा.
खालचे खांब बघायला आलेला माणूस
घराखाली पालथा सरपटत गेला, तासाभराने निघाला,
आणि आकडा सांगण्याआधी त्याने चहा मागितला.
तेव्हाच ओळखलं: चार आण्याची कोंबडी.

पहिले भाडेकरू पाच विद्यार्थी.
करारावर सह्या करताना, आयांसमोर, फार सालस.
नोव्हेंबरात गेले तेव्हा अंगणात
जळक्या सोफ्याच्या स्प्रिंगा
आणि ओव्हनमध्ये एक बूट.
डिपॉझिटवरून एकाच्या वकील बापाशी
चार महिने पत्रापत्री.
बूट शेवटपर्यंत कुणाचाच नव्हता.

मग सेइनी व्हायपुलू.
इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी, दोन मुलं,
टोंगाहून आणलेली एक चटई, जी तिने कधी जमिनीवर घातली नाही.
नऊ वर्षं. भाडं दर गुरुवारी, सकाळी सातच्या आत.
नऊ वर्षांत तिचे तीन फोन:
किल्ली कुलपात मोडली तेव्हा,
शेजारच्या झाडाची मुळं गटारात शिरली तेव्हा,
आणि माझी बायको गेल्याचं तिला कळलं तेव्हा.
क्लबात ग्लास ठेवत मी सांगायचो,
भाडेकरू असावा तर असा. तक्रार म्हणून नाही.
नवा कायदा आला, छताखाली लोकर हवी,
तेव्हा मी शिडीवरूनच टॉर्च मारला,
जुनी लोकर दिसली, पुरे म्हटलं.

मग माझे गुडघे गेले, व्याज चढलं.
विकायचं ठरवलं.
सेइनीला कायद्याप्रमाणे नोटीस दिली,
पत्रात ‘खेद’ हा शब्दही घातला.
दलालीणबाई फेलिसिटी भाड्याचा सोफा घेऊन आली,
भाड्याची चित्रं, काचेच्या वाडग्यात सोळा लिंबं,
आणि लोक यायच्या वेळी ओव्हनमध्ये पाव.
(बुटाचं मी तिला सांगितलं नाही.)
वरून कीर्तन.

खरेदीदाराचा तपासनीस, ड्रमंड नावाचा शांत माणूस,
माळ्यावर चढला आणि तिथूनच म्हणाला,
वर याल का जरा?

गंजक्या पत्र्याखाली, तुळयांच्या मधे,
आइस्क्रीमचे सात रिकामे डबे.
प्रत्येकावर मार्करने तारखा,
खोडून पुढची, खोडून पुढची,
जागा संपली तिथे चिकटपट्टी, तिच्यावर पुढची.
शेवटची तारीख, ती घर सोडून गेली त्या सकाळची.

ड्रमंडने लिहिलं: छत गळतं.
लाकूड मात्र, आश्चर्य, कोरडं.
पहिल्या वाक्याने माझे अठरा हजार गेले.
दुसऱ्याने किती वाचले, ते मी
गाडीत बसून पावतीच्या पाठीवर मांडत होतो,
मग पावती चुरगाळली.

रात्री फोन केला. डिपॉझिट पूर्ण परत करतोय म्हटलं.
आणि डबे. सांगितलं का नाहीस?

मागे धुलाईयंत्रं घरघरत होती.
ती म्हणाली, छत नवं झालं
की भाडंही नवं होतं, ग्रेअम.

मला बोलायला काही सुचेना.
मग तिनेच विचारलं, ताबा कधी?
शुक्रवारी, मी म्हटलं.

गुरुवारी दक्षिणेचा वारा सांगितलाय, ती म्हणाली.
तिसरा डबा आधी ओता.
तो लवकर भरतो.