एकच घर

वेंगुर्ला, शाळेचा हॉल, चौथी फेरी.
मी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं,
घड्याळ दाबलं.
समोर कुबलांची निमिषा, वय अकरा,
बाहीला सुक्या बांगड्याचा वास.
तिनं तिचं सरकवलं, एकच घर.

फ्रेंच बचाव, मी ताडलं,
आणि पाठ केलेलं खेळत गेलो
तिचा उंट कोंडेपर्यंत.
कोंडला. ती खिडकीतून बंदर बघत बसली.
घाईत मीच घोडा घालवला,
एकतिसाव्या चालीला सही केली.

सोंगट्या गोळा करताना विचारलं, पुस्तक कुठलं?

"पुस्तक नाय. आजोन शिकयल्यान, होडयेर.
तेच्या खेळात प्यादां एकच घर चालता.
दोन टाकलंय तर म्हणता,
खयची घाई? भरतेक येळ आसा."

माझ्या कागदावर, वरच्या कोपऱ्यात,
मी आधीच लिहून ठेवलं होतं: फ्रेंच.