दुसरा ट्रक

जानेवारीतच एलॉयने सहा तुकडे ओतून ठेवले होते,
पिकअपच्या मागे, कुंपणाला टेकवून,
प्रत्येकाच्या पाठीवर खिळ्याने कोरलेला आकडा.
तिनांच्या मिश्रणातच गेरू कालवलेला,
तीन साधे, करडे,
महिनाभर वाळवून मग वरून तेजाब पाजलेले.
"हिवाळाभर बघत राहा त्यांच्याकडे," तो म्हणाला,
"आणि मार्चात मला विचारू नका. त्यांना विचारा."

पाटाच्या पाण्यावर जगणारी आम्ही एकोणीस घरं.
मी खजिनदार, म्हणजे 'नाही' म्हणायचं काम माझं.
पाटकरीण ओडिला सिस्नेरोस.
तिला नको होती खालच्या गावासारखी भिंत,
डोंगराच्या अंगावर परक्या कापडाचं ठिगळ.

बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं.
तेजाब चुन्याशी काय बोलतं
ते आधी कुणाला सांगत नाही:
चौथ्यावर पट्टे उठले,
सहावा निव्वळ डागाळला,
आणि पाचवा,
पाचव्यापुढे म्हातारा फिलिमोन टोपी हातात घेऊन उभा राहिला.
"हा माझ्या घोडीचा रंग आहे."

खरंच होता.
"पण नखाएवढा खोल," एलॉय म्हणाला.
"पाण्यातली वाळू घासणार रोज.
दर तीन वर्षांनी वरून लेप द्यावा लागेल."
'दर तीन वर्षांनी' मी वहीत लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

"आणि आतला?"
"महाग पडेल. थोडा फिका होईल,
अंगावर पांढरा क्षार फुटेल, तो पुसाल.
पण भिंतीचा टवका उडाला तरी
आतून तीच निघेल."
"इतकं आपल्यातल्या किती जणांबद्दल सांगता येईल,"
फिलिमोन म्हणाला,
आणि पुन्हा पाचव्याकडे बघत राहिला.

बारा विरुद्ध सात. आतला रंग.

पहिला ट्रक एस्पान्योलाहून सकाळी सातला आला.
दुसरा त्रुचासच्या वळणावर अडकला,
टायर, की मेंढरं, की दोन्ही,
ड्रायव्हर प्रत्येकाला वेगळं सांगत होता.
पोटात घट्ट होत चाललेल्या मालाला घाबरून
त्याने पाणी ओतलं.
एलॉय ओरडला तोवर ओतून झालं होतं.

फळ्या काढल्या त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.
अर्धी भिंत भाजलेल्या विटेची,
आणि तिथून पुढे
उन्हात वाळत घातलेल्या जर्दाळूची.
मधोमध रेघ,
माझ्या वहीतल्यापेक्षा सरळ.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की
वाण नाही पण गुण लागतो म्हणतात.
इथे गुण एकच होता दोघांचा,
गेरू तोच, सिमेंट तेच,
वाण तेवढा लागेना.

"फिक्या भागाला तेजाब मारून देतो,
माझ्या खर्चाने," एलॉय म्हणाला.
"सांधा दिसणार नाही."
मी मनात म्हटलं, तीन वर्षं.

ओडिला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली,
तळहात टेकवत,
जशी ती विकायच्या बैलाच्या अंगावरून फिरवते.
मग विचारलं,
"कुठे अडकला म्हणालास ट्रक?"
"त्रुचासच्या वळणावर."
"ते वळण रुंद करा म्हणून
आपण वीस वर्षं अर्ज करतोय.
राहू दे. निदान एक पुरावा झाला."

पाचवा तुकडा फिलिमोनने उचलून नेला,
तबेल्याच्या उंबऱ्याला लावला.
त्याचे पैसे मी मांडले नाहीत.

एप्रिलमध्ये दार उघडलं.
पाणी काड्या, फेस, कुणाची तरी प्लास्टिकची चप्पल
पुढे ढकलत आलं,
आणि भिंत भिजली
आणि एकाच रंगाची झाली.
एलॉय गुडघे टेकून सांधा शोधत होता,
सापडेना त्याला.
पोरं हसली. ओडिलाही.

दुपारी पाणी दोन वीत उतरलं,
भिंत वरून वाळत आली,
आणि रेघ परत आली हळूच,
उशिरा पोचलेल्या माणसासारखी
बसायला जागा शोधत.